गोंदलेलं आणि रंगवलेलं

आमच्या इंदिरानगरात दुकानं मुख्यतः तीन प्रकारची. चष्म्याची, औषधांची आणि मिसळीची. माणसाला आधी नीट दिसावं, दिसलेलं सोसावं आणि मग भूक लागावी, असा त्यात काही क्रम असावा. हल्ली त्यात चौथ्या प्रकाराची भर पडली आहे. काळी काच, आत निळा दिवा आणि बाहेर कवटीचं चित्र. कवटी काढण्याचा हक्क आजवर फक्त वीज मंडळाच्या डीपीला होता. आता तिच्याखाली 'टॅटू स्टुडिओ' असं लिहितात आणि धोक्याचा इशारा न समजता पोरं रांगेनं आत जातात.

आत भाव चौरस इंचावर असतो. जमिनीचा भाव गुंठ्यावर, कापडाचा मीटरवर, आत्माविष्काराचा चौरस इंचावर. 'आत्माविष्कार' हा शब्द माझा नव्हे. माझी पुतणी मनगटाच्या वर हसरा आणि रडका असे दोन मुखवटे काढून घरी आली, तेव्हा तिनं तो इंग्रजीतून वापरला. 'सेल्फ-एक्स्प्रेशन आहे काका.' मी म्हटलं, मराठीत सांग. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, 'म्हणजे स्वतःला व्यक्त करणं.' आमच्या घरात ही गोष्ट आजवर भांडी आपटून केली जात असे. तिला चौरस इंचाचा हिशेब नव्हता आणि ती पुसायची सोयही होती.

पुतणी नाटकवेडी आहे, म्हणून मुखवटे. मी पंचवीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून काढली, पण त्या प्रेमापोटी दंडावर पेइंग-इन स्लिप गोंदवून घ्यावी असं मला कधी वाटलं नाही. तरीपण तिच्या त्या मुखवट्यांनी माझ्या डोक्यात एक किडा सोडला. नाटक आणि गोंदण या दोन गोष्टींचा मुळात एकमेकींशी संबंध काय? एक रात्रीपुरती, दुसरी जन्माची. एक पुसण्यासाठी लावायची, दुसरी पुसता येऊ नये म्हणून टोचायची. आणि दोन्हींना हल्लीची पोरं स्वतःला व्यक्त करणं म्हणतात. बी.कॉम. झालेल्या माणसाला दोन खात्यांवर एकच नाव दिसलं की सह्या ताडून पाहाव्याशा वाटतात. तशा मी ताडून पाहिल्या.

आधी गोंदण. ते आमच्या घरात मुखवट्यांच्या कितीतरी आधीपासून आहे. माझ्या आईच्या कपाळावर बारीक चंद्रकोर, हनुवटीवर एक ठिपका, डाव्या हातावर तुळशीवृंदावन, त्याखाली विंचू, आणि विंचवाच्या नांगीशी अक्षरं, 'चंद्रा'. आईचं नाव लक्ष्मी. मग चंद्रा कोण? लहानपणी मी विचारलं तेव्हा 'गोंदलंय' एवढंच उत्तर मिळालं. आमच्या लहानपणी आईबापांची उत्तरं अशीच असत. पुढे विचारायची पद्धत नव्हती.

आई निफाडकडच्या एका खेड्यातली. तिथे गोंदणारीण यायची ती जत्रेत, नाहीतर सुगीनंतर दारोदार. काजळी कालवायची, त्यात कसल्या तरी पाल्याचा रस, तीन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या. त्याच सुया सगळ्या गावाला. आज हे ऐकून पुतणीच्या अंगावर काटा येतो. पोरीला दोघींनी धरायचं, गोंदणारणीनं तोंडानं गाणं म्हणायचं आणि हातानं टोचायचं. गाण्याचा उपयोग पोरीचं रडं झाकायला. वर हळद-तेल. चार दिवस हात सुजायचा, मग खपली पडून खाली हिरवट निळं चित्र उरायचं. मोबदला सूपभर धान्य आणि एखादं जुनं लुगडं.

पोरीला कोणी विचारत नसे, हे महत्त्वाचं. विंचू हवा का नाग हवा, तुळस हवी का कोयरी, हे आजी ठरवायची. कारणंही ठरलेली. दृष्ट लागू नये, हातापायाचं दुखणं जावं, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे मेल्यावर बाईबरोबर दुसरं काही जात नाही. सोनं सुना काढून घेतात, लुगडं जळतं, गोंदण तेवढं देवाच्या दारापर्यंत येतं. नॉमिनी न लावता वर नेता येणारी ही एकच ठेव. बँकेनं अजून अशी योजना काढलेली नाही.

या ठेवीची पावती मी काउंटरवर प्रत्यक्ष पाहिली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका ग्रामीण शाखेत असताना एक आजी खातं उघडायला आल्या. नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तर गप्प. नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यात, आणि उखाण्याला फॉर्ममध्ये रकाना नाही. मागं रांग वाढत चाललेली. शेवटी आजींनी बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंतचा हात काउंटरच्या जाळीतून आत घातला. हातावर नाव होतं. मी ते उतरवून घेतलं. पुढे रेशनकार्ड पाहिलं तर त्यावर 'सखाराम' आणि हातावर 'सखरम'. गोंदणारणीनं दोन काने खाल्लेले. आमच्या साहेबांनी नावातल्या फरकाबद्दल प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं. आजी म्हणाल्या, 'कागद खोटा असंल बाबा, हात कसा खोटा असंल?' या प्रश्नाला बँकेच्या कुठल्याच परिपत्रकात उत्तर नाही.

हात खोटा असू शकतो, असं मात्र सरकारचं मत एकेकाळी होतं, आणि त्यावर सरकारनं काढलेला उपाय गोंदणाचाच होता. १७९७ साली कंपनी सरकारनं बंगालमध्ये नियम केला की खोटी साक्ष देणाऱ्याच्या आणि खोटा दस्तऐवज करणाऱ्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदवायचा. पुढे जन्मठेपेच्या कैद्यांचीही कपाळं अशी लिहून निघाली. कैदी म्हणे डोक्याला फडकं गुंडाळून नाहीतर केस पुढे घेऊन कपाळ झाकत. १८४९ साली ही पद्धत बंद झाली. झाली ते बरं झालं. चेकवरच्या सह्या तपासण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. त्याऐवजी गिऱ्हाइकाला नुसतं 'जरा टोपी काढा' म्हणायचं, म्हणजे काम झटपट झालं असतं, पण संध्याकाळी घरी जेवण गेलं नसतं.

विलायतेत हा प्रकार खलाशांनी नेला. कॅप्टन कुक १७६९ साली ताहिती बेटावर गेला, तिथल्या लोकांचा शब्द ऐकून आला, आणि त्याचा इंग्रजीत टॅटू झाला. खलाशांच्या दंडावरून तो राजवाड्यात चढला. आपले सम्राट पंचम जॉर्ज राजपुत्र असताना १८८१ साली जपानला गेले आणि हातावर ड्रॅगन गोंदवून आले. म्हणजे १९११ च्या दिल्ली दरबारात सगळे संस्थानिक ज्यांच्यापुढे वाकत होते त्या सम्राटांच्या आणि निफाडकडच्या कुठल्याही म्हातारीच्या हातात तत्त्वतः फरक नव्हता. म्हातारीला बाही नव्हती, एवढंच.

या विषयातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट यंत्राची आहे. एडिसननं १८७६ साली एक विजेची लेखणी काढली. कचेरीतल्या कागदांच्या प्रती काढायला. सुई भराभर खालीवर होऊन कागदाला भोकं पाडायची, मग त्यावरून शाई फिरवायची. आपल्या सायक्लोस्टाइलचीच ती थोरली आत्या. लेखणी फारशी चालली नाही. पण १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायली नावाच्या गोंदणाऱ्यानं त्याच कल्पनेवर गोंदणाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. याचा अर्थ निळ्या दिव्याखाली जे गुरगुरतं ते मुळात कारकुनाचं हत्यार आहे. पुतणीला मी हे सांगितलं. तिला ते आवडलं नाही. आपला आत्माविष्कार परिपत्रकं काढण्याच्या यंत्रातून आला हे कुणाला आवडेल?

तिथल्या दरपत्रकात 'कव्हर-अप' नावाची एक ओळ असते. म्हणजे जुन्या प्रेमप्रकरणाचं नाव नव्या फुलपाखराखाली गाडायचं. भाव दुप्पट. ही सोयही नवी नाही. आणि तिचा इतिहास वाचायला इंदिरानगरवाल्याला गच्चीवर उभं राहून हायवेपलीकडे बघितलं तरी पुरे. तो त्रिरश्मीचा डोंगर, ती पांडवलेणी. तिथल्या दहाव्या लेण्यात उषवदात नावाच्या गृहस्थानं डोंगराच्या अंगावर मजकूर कोरून घेतला आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे त्यानं तीन हजार कार्षापण ठेव ठेवली. दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजानं, एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, नुसतं व्याज वापरायचं, आणि त्यातून लेण्यातल्या वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी द्यायचे. मी हिशेब करून पाहिला. दोन हजारांवर वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, आणि वीस बारे दोनशे चाळीस. पैचा फरक नाही. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही मुदत ठेव आजही टॅली होते, आणि आमच्याकडे मार्चअखेरीला तीन रुपये सापडत नाहीत म्हणून रात्रीचे अकरा वाजतात.

हा उषवदात नहपान राजाचा जावई. नहपानानं आपलं तोंड चांदीच्या नाण्यांवर छापलं. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं त्याला हरवलं, आणि ती नाणी वितळवत बसण्याऐवजी त्याच नाण्यांवर स्वतःचे ठसे मारले. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला अशा नाण्यांचा मोठा ठेवा निघाला. तेरा हजारांवर नाणी, त्यांतली नऊ हजारांवर सातकर्णीनं पुन्हा ठसे मारलेली. पण नाणं निरखून पाहिलं की ठशाखालून नहपानाचं नाक किंवा अक्षर डोकावतंच. कव्हर-अपची ही मर्यादा फुलपाखरूवाल्यांनीही लक्षात घ्यावी.

नाटकाचा सगळा कारभार याच्या उलट. तिथे खाली काही उरता कामा नये. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांपुढे विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. तेव्हापासून मराठी नटाचं काम एकच. आपण जे नाही ते व्हायचं, आणि प्रयोग संपला की खोबरेल लावून पुन्हा आपण व्हायचं. बँकेच्या भाषेत हा ओव्हरड्राफ्ट आहे. दुसऱ्याचा जीव रात्रीपुरता उचलायचा आणि पहाटेच्या आत भरून टाकायचा. ज्याला भरता येत नाही त्याचं काय होतं हे आमच्या नाशिकच्याच तात्यासाहेब शिरवाडकरांनी १९७० साली 'नटसम्राट'मध्ये दाखवलं आहे. गणपतराव बेलवलकरांनी रंग पुसला, पण तो आतपर्यंत गेला होता. निवृत्त झाल्यावर ज्या घरात नट नको होता, बाप हवा होता, तिथेही ते नटच राहिले. एका अर्थी ते नाटक गोंदण झालेल्या रंगाचंच आहे.

पण 'नाटकात माणूस स्वतःला व्यक्त करतो' हे मात्र मला आकडे जुळल्याशिवाय मान्य नाही. बालगंधर्वांचं घ्या. पुरुष असून त्यांनी जन्मभर बाया केल्या, आणि अशा केल्या की घरच्या बाया त्यांचं पाहून लुगडं नेसू लागल्या, गजरा माळू लागल्या. १२ मार्च १९११ ला मुंबईत किर्लोस्कर मंडळीच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली. ते गेले, तोंड रंगवलं आणि भामिनी होऊन उभे राहिले. त्या रात्री त्या माणसानं स्वतःला व्यक्त केलं असतं तर प्रयोग झालाच नसता. लोक रंगाला टाळ्या देत होते आणि रंगाखाली बाप होता. या गोष्टीवर विनोद करावा असं मला कधी सुचलं नाही, म्हणून पुढे जातो.

बायकांचे खरे हात नाटकात यायला बराच काळ जावा लागला. तमाशात बाया होत्या, काही स्त्री-नाटकमंडळ्याही होत्या, पण पांढरपेशांच्या नाटकात पुरुषाबरोबर बाईनंच बाईचं काम करायचं हे रुळायला १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'सारखी नाटकं यावी लागली. ज्योत्स्नाबाई भोळे त्यात होत्या. तोवर रंगभूमीवर बाईच्या हाताला गोंदण हवं असेल तर ते पुरुषाच्या हातावर काढावं लागे आणि रात्री पुसावं लागे. गोंदून घेतलेली खरी बाई तेव्हा फार तर पिटात किंवा माडीवर बायकांच्या बाजूला.

नाशिकच्या नाटकघरात मात्र एकदा न पुसणारा प्रकार घडला. २१ डिसेंबर १९०९. विजयानंद थिएटर. नाटक देवलांचं 'शारदा'. कलेक्टर जॅक्सनसाहेबांची बदली झाली होती आणि ते नाटकाला आले होते. साहेब संस्कृत जाणणारे, लोक त्यांना पंडित म्हणत. पण त्याच वर्षी कवितांचं पुस्तक छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली होती आणि त्या खटल्याचे कागद याच पंडितांच्या हातून पुढे गेले होते. अनंत कान्हेरे नावाच्या, मिसरूड फुटत असलेल्या मुलानं तिथे त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे तिघे फासावर गेले. नाटकातलं रक्त दुसऱ्या दिवशी परीट धुतो. हे धुतलं गेलं नाही. नाशिकला 'शारदा' म्हटलं की जुन्या माणसांना म्हाताऱ्याशी लग्न ठरलेली बिचारी शारदा आठवायच्या आत जॅक्सन आठवतो. नाटकावरचं असं गोंदण दुसऱ्या कुठल्या गावाकडे नसेल. (आणि हो, १९२९ चा शारदा कायदा या शारदेवरून नव्हे. तो अजमेरच्या हरविलास सारडांवरून. आमच्या शाखेत यावर दरवर्षी एक पैज लागते आणि दरवर्षी चहा मला मिळतो.)

असो. पुतणीकडे येतो.

तिच्या मंडळानं यंदा एका स्पर्धेत एकांकिका बसवली. काळ १८८० च्या आसपासचा. पुतणी त्यातली दहा वर्षांची सून आणि तिची मैत्रीण त्या घरातली म्हातारी आजेसासू. तालमी आमच्याच दिवाणखान्यात, त्यामुळे मी संवाद पाठ न करता पाठ झालो. पहिल्या रंगीत तालमीला दिग्दर्शक पोरगा पुतणीच्या मनगटाकडे बघून म्हणाला, 'हे काय? १८८० साली नऊवारीखालून ग्रीक मुखवटे?' पुतणी म्हणाली, 'ते नाटकाचं चिन्ह आहे.' तो म्हणाला, 'असेल, पण नाटकात चालत नाही.' नाटकाच्या प्रेमापोटी काढलेली खूण, आणि तिच्यामुळे नाटकात अडचण. नटाचा हात कोऱ्या चेकसारखा हवा. आधीच रक्कम घातलेला चेक कुठलंही नाटक वटवत नाही.

त्यावर तोडगा म्हणजे पॅनकेकचा जाड थर. पण घाम आला की शेवटच्या प्रवेशात रडका मुखवटा वर यायचा. हसरा कसा कोण जाणे, खालीच राहायचा.

आजेसासूची अडचण नेमकी उलटी. तिचे हात गोरे, स्वच्छ, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला जन्मलेले. तिला गोंदण हवं होतं. रंगभूषेचा पोरगा मोबाइलवरून कुठल्याशा परप्रांतातली नक्षी बघून काढायला लागला, तेव्हा स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. गेले पंधरा दिवस ती तालीम दारातून बघत होती आणि एक अक्षर बोलली नव्हती. म्हणाली, 'असं नसतं रे. हे बघ.' आणि पदर सावरून हात त्याच्यापुढे धरला.

मग तासभर आमच्या दिवाणखान्यात शाळा भरली. कपाळाची कोर किती वाकडी, हनुवटीचा ठिपका मधे नव्हे, जरासा डावीकडे. तुळशीला पायऱ्या तीन. विंचवाची नांगी कोपराकडे, 'नाहीतर आपल्यालाच चावंल.' रंग काळा नव्हे, हिरवट, मुरलेला. पोरगा हिरव्यात काळा मिसळून मिसळून बघत होता. नांगीशी आल्यावर तो थांबला. 'आजी, हे चंद्रा काय?'

पन्नास वर्षं या घरात न विचारलेला प्रश्न त्यानं हातात ब्रश घेऊन सहज विचारला.

आई म्हणाली, 'बाकीचं सगळं आजीनं धरून केलं. हे मी करून घेतलं.' चंद्रा शेजारची. दोघी दहा-अकरा वर्षांच्या, वणीच्या चैत्राच्या यात्रेला गेलेल्या. रेवड्यांना म्हणून मिळालेले चार आणे दोघींनी गोंदणारणीला दिले. हिच्या हातावर तिचं नाव, तिच्या हातावर हिचं. 'आजीनं घरी मारलं. नवऱ्याचं नाव कुठं घालशील म्हणाली, जागा खाल्लीस सगळी.' पुढल्या वर्षी चंद्राचं लग्न झालं, खानदेशात दिली. एकदा बाळंतपणाला आली तेव्हा भेट झाली, ती शेवटची. 'गेली ती त्याच दुखण्यात. माझं नाव घेऊन गेली.'

पुतणीनं विचारलं, 'आणि आजोबांचं नाव?' आई म्हणाली, 'त्यांना काय, रेशनकार्डावर होतं.'

दिग्दर्शक पोरगा हळूच म्हणाला, 'आजी, नाव पण काढू का आम्ही? नको असेल तर नको.' आईनं जरा वेळ घेतला. मग म्हणाली, 'काढ. नुसता विंचू कसा काय दिसंल?'

प्रयोग बरा झाला. म्हणजे माझ्या मते उत्तम झाला, पण मी पुतणीचा काका असल्यामुळे माझं मत व्याजासहित धरू नये. मधे एकदा दिवे दोन वाक्यं आधीच गेले आणि सासू अंधारात कडाडली, ते लोकांना दिग्दर्शन वाटलं. आई पहिल्या रांगेत बसली होती. शेवटच्या प्रवेशात आजेसासू सुनेला मांडीवर घेऊन थोपटते तेव्हा तिचा हात उजेडात येतो. पाचव्या-सहाव्या रांगेतल्यांना नुसतं काहीतरी हिरवं दिसलं असेल. पहिल्या रांगेतून अक्षरं वाचता येत होती. आईनं चष्मा काढला नाही, पुसला नाही. नुसती पुढे सरकून बसली.

निकालात अभिनयाचं काही मिळालं नाही. रंगभूषेचं दुसरं पारितोषिक मिळालं. परीक्षक म्हणाले की गोंदण अस्सल वाटत होतं. आईनं बक्षिसाची रक्कम विचारली आणि 'त्यात माझा वाटा किती' असंही विचारलं. पोरगा खरंच पाकीट काढायला लागला तेव्हा तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

आत रंगपटात गर्दी उडालेली. कोणी केसांच्या पिना शोधतंय, कोणी उसनी आणलेली नऊवारी घडी घालतंय. पुतणी कापसानं मनगट घासत होती. थर निघाला आणि दोन्ही मुखवटे वर आले. शेजारच्या खुर्चीत आजेसासू. खोबरेलच्या एका फटकाऱ्यात कपाळाची कोर गेली, हनुवटीचा ठिपका गेला, सत्तर वर्षं गेली. दुसरा बोळा घेऊन ती हाताकडे वळली. तुळस गेली. विंचू अर्धा झाला.

आई मागं उभी होती. म्हणाली, 'तेवढं नाव राहू दे गं. घरी जाऊन पूस.'

पोरगी 'बरं आजी' म्हणाली. हात तसाच ठेवला, बाकीचं आवरलं, हेल्मेट घातलं आणि स्कूटर काढली. राहायला आमच्याच बाजूला, पण रात्री साडेदहालाही इंदिरानगरच्या बोगद्यात गर्दी होती. आम्ही रिक्षात मागे अडकलो होतो. पुढे चार गाड्या सोडून तिचा डावा हात हँडलवर दिसत होता, त्यावर ट्रकचा दिवा पडला होता, आणि आई रिक्षातून मान बाहेर काढून बघत होती.